दोष मशीनचा नाही

नव्या आवृत्तीचं ते टॅक्सचं सॉफ्टवेअर आमच्या दोन्ही कम्प्युटरवर उघडायचं, गोल चक्र फिरवायचं आणि मान टाकायचं. पडद्यावर चौकट यायची: ‘अनपेक्षित चूक. प्रोग्रॅम बंद होत आहे.’ यात अनपेक्षित काय होतं देव जाणे. सकाळपासून दुसरं काही घडलंच नव्हतं.

रिटर्न भरायची ती शेवटची तारीख. बाहेरच्या खोलीत बाकावर माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती, उरलेली पायरीवर. सगळ्यांत पुढे टॅक्सीवाला. त्याची टॅक्सी दारातच उभी होती आणि तिच्यामागे अडकलेले लोक हॉर्न वाजवून आमच्या नावाने बोटं मोडत होते.

“बाई, आणखी किती वेळ?” त्याने विचारलं.

“झालंच.”

“मघाशीही झालंच होतं.”

“मग आता जास्त झालं असेल. बसा.”

मी काय काय नाही केलं! बंद करून चालू केलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. अँटीव्हायरस बंद ठेवून पाहिला. पेटीचं झाकण उघडून ब्रशने धूळ झाडली. एवढी निघाली की पायरीवरचे दोघे शिंकायला लागले. शेवटी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीने आधी विचारलं, “मॅडम, कम्प्युटर कोणत्या सालचा आहे?” मी साल सांगितलं.

“अजून चालू आहे?”

“मीसुद्धा अजून चालू आहे,” मी म्हणाले.

“नवीन घ्या मॅडम. इतक्या जुन्या मशीनची जबाबदारी आम्ही घेत नाही.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जुनं, जुनं, जुनं! सकाळी लेकीचा फोन आला तेव्हाही हेच. “आई, मशीनं जुनी झाली, तुम्ही दोघीही थकलात. आता सोड ना.” तिच्या मागून जावईबापूंचा आवाज येत होता. ते एका मोठ्या फर्ममध्ये आहेत. आमची सगळी गिऱ्हाइकं तिकडे वळवायची आणि आम्ही घरी आराम करायचा, असं त्यांनी गेल्या वर्षीपासून मनात घेतलंय. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. जावयाशी वरच्या पट्टीत बोलता येत नाही, म्हणून मी लेकीवर ओरडले: “आज संध्याकाळपर्यंत माझे रिटर्न गेले नाहीत, तर उद्यापासून दार उघडणार नाही! चाव्या घेऊन जा म्हणावं त्यांना!”

बोलून बसले. जीभ माझीच, तिला काय म्हणणार? आणि जावईबापू शब्दाचे पक्के. संध्याकाळी येतो, असा त्यांचा निरोपही आला.

माझं एक वेळ निभावलं असतं. घरी नवरा आहे. त्याला आकड्यांचं वावडं, तो सुखाने स्वयंपाक करतो आणि मला बोलायला हक्काचा माणूस मिळतो. प्रश्न वन्संचा होता. वन्सं म्हणजे त्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत, राहायला एक खोली. हे ऑफिस आम्ही दोघींनी उभं केलं. मी माणसांशी भांडायचं आणि त्यांनी कागदांशी. रोज सकाळी माझ्याआधी येऊन त्या आतल्या खोलीतली आपली खुर्ची ओल्या फडक्याने पुसतात आणि पदर खोचून बसतात. दार बंद झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जाणार कुठे? हा एकच विचार मला दिवसभर टोचत होता. त्यांना मात्र मी ताकास तूर लागू दिली नव्हती. त्या आत बसून लोकांचे कागद तपासत होत्या आणि एखाद्याची सही राहिली असली की बाहेर येऊन त्याला खडसावत होत्या.

दुपार कलली. चौकट पुन्हा आली. मी रागाने उठले आणि भिंतीजवळची नेटवर्कची केबल हिसका देऊन उपटली. का उपटली म्हणाल तर काही कारण नाही. समोर तीच होती.

आणि सॉफ्टवेअर उघडलं.

सरळ, शहाण्यासारखं उघडलं. गिऱ्हाइकांची यादी रिकामी होती, कारण ती यादी केबलच्या पलीकडे, दोन्ही कम्प्युटरमध्ये सामाईक असलेल्या फोल्डरात असते. पण प्रोग्रॅम चालत होता. नवा अर्ज उघडला, भरला, पुसला. कुठे अडखळलं नाही. मी केबल परत लावली. चक्र फिरलं, मान टाकली. काढली, उघडलं. लावली, पडलं.

“बाई, तुमचा काय खेळ चाललाय?” टॅक्सीवाला म्हणाला.

“गप्प बसा हो, जमतंय!” मी म्हणाले. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. मशीन धडधाकट होतं. ती हेल्पलाइनवाली, लेक, जावईबापू, सगळे चूक होते. दुखणं मशीनमध्ये नव्हतं, त्या फोल्डरात होतं.

मी तो फोल्डर उघडला. या वर्षीचा. त्याच्या आत मागच्या वर्षीचा होता. त्याच्या आत त्याच्या मागचा. मी आत आत जात राहिले तरी तळ लागेना. आणि नावं! ‘दुकानदार, डॉक्टर व इतर सर्व यांचे अंतिम रिटर्न, दोनदा तपासलेले, कोणीही हात लावू नये’. त्याच्या पोटात ‘वरीलप्रमाणेच परंतु मागील वर्षाचे, अत्यंत महत्त्वाचे, कोणीही हात लावू नये’. असंच खालपर्यंत.

हे हस्ताक्षर नसलं तरी मला ओळखू आलं. पुठ्ठ्याच्या फायली होत्या तेव्हापासून वन्संची ही शिस्त. नवं वर्ष लागलं की नवं कव्हर, आणि मागच्या वर्षाचं कव्हर त्याच्या पोटात. माणूस दारात आला की एकच फाइल काढायची, त्याचा सगळा इतिहास हातात. ही शिस्त इतकी चोख होती की त्यावर आमचं ऑफिस नावारूपाला आलं. कम्प्युटर आल्यावर त्यांनी तीच शिस्त तशीच्या तशी त्यात नेली. जुन्या आवृत्त्या वरवरचं बघून पुढे जायच्या. नवी मात्र उघडल्या उघडल्या सगळी जुनी वर्षं धुंडाळायला आत शिरत होती आणि ती लांबलचक नावं एकापुढे एक लागून फायलीचा पत्ता एवढा वाढत होता की तो तिला पेलत नव्हता.

उड्या माराव्यात असं आता वाटेना. सकाळपासून मी ज्यांच्यासाठी भांडत होते, त्यांच्याच हातून हे झालं होतं.

मी आतल्या खोलीकडे पाहिलं. वन्सं चष्मा कपाळावर चढवून कुणाचा तरी कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होत्या. मी काही बोलले नाही. आधी सगळ्याची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतली, मग वरच्या फोल्डरापासून सुरुवात करून एकेक नाव कापून आखूड केलं आणि एकेक वर्ष बाहेर काढून शेजारी शेजारी मांडलं. सॉफ्टवेअर लावलं. चक्र फिरलं, आणि आमची सगळी माणसं पडद्यावर ओळीने उभी राहिली.

“या,” मी टॅक्सीवाल्याला म्हणाले.

“खरंच?”

“आता तुम्ही वेळ घालवताय.”

मग आम्ही दोघींनी हात असे चालवले की विचारू नका. प्रिंटर गरम झाला. बाक रिकामं होत गेलं, दारातली टॅक्सी गेली, हॉर्न थांबले. उन्हं उतरता उतरता जावईबापू आले. काखेत घडी केलेली पुठ्ठ्याची खोकी; फायली न्यायला. दोन-तीन माणसं उरली होती, त्यांत पुढे एक शिवणकाम करणाऱ्या बाई.

“अरे वा आई, चालू झालं!” जावईबापूंना खरोखर आनंद झाल्यासारखा वाटला. “काय झालं होतं?”

मी पडद्यावरची नजर काढली नाही. “कंपनीचीच गफलत. त्यांनी तिकडून काहीतरी दुरुस्त केलं.”

आतल्या खोलीतली टकटक थांबली. वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या.

“खोटं बोलतेय ती,” त्या म्हणाल्या. “फोल्डर मी एकात एक घातले होते. नावंही माझीच. मघाशी उघडून बघितलं तर सगळी नावं छाटलेली आणि सॉफ्टवेअर चालू. मला काय कळत नाही? आणि ही माझ्याशी एका शब्दाने बोलली नाही.”

शिवणाऱ्या बाईंनी पायाकडे बघायला सुरुवात केली. जावईबापू पुढे झाले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “असू दे हो, आत्या. या वयात होतं असं. कुणी तुम्हाला बोलतंय का? म्हणून तर म्हणतो, आता आराम करा.”

वन्संचा चेहरा पडला. मी ताडकन उठले. जावई असो की आणखी कोणी, आज याची गय नाही, असं मी ठरवलं. “जावईबापू, त्यांना काही म्हणायचं नाही! त्यांनी जे केलं ते...”

“तू थांब,” वन्सं म्हणाल्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या, जावईबापूंकडे नाही. “सकाळपासून एवढी माणसं माझ्यामुळे खोळंबली, आणि तू मला पाठीशी घालतेस? मला इथे कामाला ठेवलंयस की सांभाळायला?”

मला लाज वाटली. दिवसभर मी स्वतःला शूर समजत होते. पण जावईबापू जे बोलले तेच मीही केलं होतं. असू दे, वय झालं. ते निदान त्यांच्या तोंडावर म्हणाले. मी त्यांच्या पाठीमागे गुपचूप नावं छाटत बसले.

“कामाला,” मी म्हणाले.

“मग बोल की!”

लग्न होऊन आले तेव्हापासून मी वन्संपुढे आवाज चढवला नव्हता. नवऱ्यापुढे रोज, त्यांच्यापुढे कधीच नाही. आता सगळ्यांदेखत चढवला.

“वन्सं, हा शुद्ध गाढवपणा आहे! फोल्डरचं नाव आहे की भाषण? सकाळपासून मी त्या बिचाऱ्या मशीनला शिव्या घालतेय, पेटी उघडून धूळ खातेय, हेल्पलाइनवालीची बोलणी ऐकतेय, आणि दोष तुमचा! एकदा विचारायला काय झालं होतं? पुन्हा मला न विचारता फोल्डर हलवलात तर मी ऐकून घेणार नाही, सांगून ठेवते!”

जावईबापूंनी आ वासला. मला वाटलं, वन्सं आता रडणार, पिशवी उचलणार. त्यांनी हनुवटी वर केली. सकाळपासून त्या वाकून बसल्या होत्या, आता ताठ उभ्या राहिल्या.

“नाही हलवणार न विचारता,” त्या म्हणाल्या. “चूक माझी. पण ‘कोणीही हात लावू नये’ असं स्वच्छ लिहिलं होतं. तुझ्या त्या सॉफ्टवेअरने हात का लावला?”

“ते त्यालाच विचारा!”

“विचारते. आधी त्या बाईंना आत पाठव. कागद घेऊन कधीच्या बसल्यात.”

त्या आत गेल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शिवणाऱ्या बाई उठल्या, पण दोन खोल्यांमधल्या दारासमोर जावईबापू खोकी घेऊन तसेच उभे होते आणि वाट अडली होती.

“जावईबापू,” मी म्हणाले, “जरा बाजूला व्हा. बाईंना आत जायचंय.”