एका दाराची चार नावे

मित्रांनो, जवळ यायचे असेल तर नाक धरून या. मी एक जुना सूचनाफलक आहे. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, तळमजल्यावरच्या लांब व्हरांड्यात, सभागृहाच्या दाराला लागून मी भिंतीवर टांगलेला असतो. माझ्या अंगाला आंबलेल्या खळीचा वास येतो. एका कोपऱ्यात कुणीतरी चघळून चिकटवलेले च्युइंगम वाळून काळे पडले आहे. मोडक्या टाचण्यांची टोके कापडात रुतून गंजली आहेत. पण खरे सांगू का? मला किळस येते ती या घाणीची नाही. घाण ओल्या फडक्याने निघते. माझ्या अंगावर जे लिहून लावतात, त्याची मला शिसारी येते.

मी जन्मापासून असा नव्हतो. मला घडवणारा सुतार भलता चिकित्सक होता. चौकटीचा एक कोपरा किंचित हलतो आहे असे वाटले, तर त्याने सगळी चौकट सोडवली आणि पुन्हा जोडली. त्याचा जोडीदार वैतागला.

"अरे, फलकच आहे ना? पलंग आहे का? कोण झोपणार आहे त्याच्यावर?"

"ह्याच्यासमोर माणसं धडधडत्या छातीनं उभी राहणार," सुतार म्हणाला. "कुणी निकाल बघायला, कुणी नंबर बघायला. निदान चौकट तरी सरळ असू दे."

मग त्याने माझ्यावर जाड हिरवे कापड ताणून बसवले, आणि मी इथे आलो.

त्या काळी जनसंपर्क विभागात एक बाई होत्या. सगळे त्यांना समोर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'गाळणी'. कोणत्याही विभागाची सूचना असो, पत्रक असो की निमंत्रण, बाईंच्या हाताखालून गेल्याशिवाय ते बाहेर पडत नसे. त्यांनी नियमांचे एकच पान तयार केले होते आणि ते काचेखाली माझ्या डोक्यावर लावले होते. एका जागेला एकच नाव, आणि ते सगळ्या विभागांनी वापरायचे. तारीख सगळीकडे एकाच पद्धतीने लिहायची. काय आहे, केव्हा आहे, कुठे आहे हे आधी सांगायचे. कोणाच्या शुभहस्ते आहे ते शेवटी, जागा उरली तर.

पण नुसत्या नियमांवर त्यांचा भरवसा नव्हता. सूचना लिहून झाली की कागद घेऊन त्या व्हरांड्यात यायच्या आणि समोरून येईल त्या पहिल्या माणसाला थांबवायच्या. मग तो प्राध्यापक असो, माळी असो की कुणाची तरी आत्या. त्याला सूचना मोठ्याने वाचायला लावायच्या, कागद काढून घ्यायच्या आणि विचारायच्या, "आता न बघता सांगा. कुठं जायचं? केव्हा जायचं? बरोबर काय न्यायचं?" तो अडखळला तर त्याला कधी बोल लावायच्या नाहीत. "तुमचं काही चुकलं नाही हो, आमचंच चुकलंय," म्हणायच्या आणि परत जाऊन पुन्हा लिहायच्या. लोक त्यांना टाळायला जिन्यावरून वळून जात, पण सूचना वाचायला यावेच लागे.

इतिहास विभागाचे प्रमुख त्यांच्यावर कायम खार खाऊन असायचे. त्यांची वाक्ये इतकी लांब असत की सगळे त्यांना 'पल्लेदार सर' म्हणत. एकदा ते माझ्यासमोरच बाईंना गाठून म्हणाले, "तुम्ही माझं वाक्य तोडलंत."

"तोडलं नाही सर, सोडवलं. गुंता झाला होता."

"पण आमच्या विभागाची एक शैली आहे!"

"असू द्या की. त्या शैलीत पुस्तक लिहा, मी स्वतः विकत घेऊन वाचीन. पण परीक्षेचा वर्ग बदललाय हे सांगताना विद्यापीठानं एकाच आवाजात बोलायचं. घरात आई एक सांगते, बाबा दुसरं आणि आजोबा तिसरं. पोरानं ऐकायचं कुणाचं?"

पल्लेदार सर फुरंगटून गेले खरे, पण बाईंनी लिहिलेलीच सूचना लागली. त्या दिवसांत माझ्यासमोर कुणी फार वेळ थांबत नसे. लोक यायचे, वाचायचे आणि निघून जायचे. माझे तेवढेच कौतुक होते आणि मला ते पुरेसे होते.

मग बाई निवृत्त झाल्या. त्यांची जागा भरलीच नाही. विभागावर फक्त नवे संचालक आले; सदा टवटवीत, सदा घाईत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यावरचे नियमांचे पान काढायला लावले. "जुनाट दिसतं," म्हणाले. "प्रत्येक विभागाला आपला स्वतंत्र आवाज हवा. फुलू द्या सगळ्यांना." त्या जागी त्यांनी चकचकीत कागदावर एक वाक्य लावले: 'संवाद हाच आमचा श्वास.' बडा घर, पोकळ वासा, दुसरे काय!

आणि सगळे फुलले. शी! एकाने जांभळी अक्षरे काढली, दुसऱ्याने त्यावर चांदण्या काढल्या. एक विभाग मुलांना 'विद्यार्थी' म्हणे, दुसरा 'लाभार्थी', आणि तिसऱ्याने तर 'प्रिय स्वप्नवेड्यांनो' अशी सुरुवात करून खाली पाणी बंद राहणार असल्याचे कळवले. खडूस सूचना आणि लाडिक सूचना एकमेकींवर चिकटवल्या जाऊ लागल्या. टाचण्या शोधायचा कंटाळा, म्हणून खळ आली. ओल्या खळीने माझे कापड फुगले आणि कुजले. पण त्या कुबट वासापेक्षा मला त्या शब्दांचा वास नकोसा व्हायचा. 'सर्व संबंधितांनी' म्हणे 'नोंद घ्यावी'! कोण संबंधित, कसली नोंद, घेऊन ठेवायची कुठे? लिहिणाऱ्याला त्याचे काही नव्हते. आपण भारदस्त दिसलो की झाले.

आता माझ्या शेजारच्या दाराचे ऐका. दार एकच, आतले सभागृह एकच. परीक्षा विभाग त्याला 'केंद्रीय सभागृह' म्हणायचा. विद्यार्थी कल्याण विभाग 'मोठा हॉल' म्हणायचा. बांधकाम विभागाने त्याला 'दालन क-एक' ठरवले होते. संचालकांना हे सगळेच मिळमिळीत वाटले, म्हणून त्यांनी 'नवोन्मेष मंच' असे नाव काढले. रंगकामाच्या वेळी दारावरची जुनी पाटी उतरवली. नव्या पाटीवर कोणते नाव घालायचे यावर चार विभागांचे एकमत होईना, आणि पाटी राहिलीच. तीन तिघाडा, काम बिघाडा म्हणतात. इथे तर चौघे होते. तेव्हापासून ते दार कोरेच आहे.

एके दिवशी सकाळी एक चावीवाला आणि त्याची मुलगी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चावीवाल्याच्या नखांत पितळेचा कीस होता आणि अंगात इस्त्रीचा सदरा होता. दुकान बंद ठेवून तो आला होता. लेकीला धातुशास्त्र शिकायचे होते. पूर्ण फी माफ असलेली एकच जागा होती आणि आज तिची मुलाखत होती. ती मिळाली तर शिक्षण, नाही तर बापाच्या शेजारी दुकानात बसायचे, हे दोघांनाही ठाऊक होते. तिच्या हातातल्या बोलावण्यात ठिकाण लिहिले होते, 'केंद्रीय सभागृह'.

"वेळेच्या आधी पोचलो," बाप म्हणाला. "आता बघ कुठं जायचंय ते."

लेकीने माझ्यावरचे कागद वाचायला सुरुवात केली. वरचा उचलून खालचा, खालचा उचलून त्याच्या खालचा. शेवटी एकावर बोट ठेवून तिने वाचले, "संदर्भीय निवडप्रक्रियेअंतर्गत पात्र लाभार्थ्यांच्या संवादसत्राचे आयोजन नवोन्मेष मंच येथे करण्यात येत असून सर्व संबंधितांनी तदनुषंगाने कार्यवाही करावी." मग ती गोंधळून म्हणाली, "बाबा, हे आपलं असेल का? मुलाखत हा शब्दच नाही यात. आणि जागा पण वेगळी आहे."

तेवढ्यात एक कारकून फायली घेऊन चालला होता. त्याला चावीवाल्याने विचारले, "साहेब, केंद्रीय सभागृह कुठं आहे?"

"केंद्रीय? नव्या इमारतीत असेल बघा," कारकून चालता चालताच म्हणाला. "असली वजनदार नावं तिकडंच असतात."

तो माझ्या शेजारच्या दारासमोरून जाता जाता हे सांगत होता, मित्रांनो! मला तोंड नाही, नाहीतर मी त्याच्या कानात ओरडलो असतो.

दोघे नव्या इमारतीकडे पळाले. तिथे कुणाला काही ठाऊक नव्हते. परत आले तेव्हा लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. समोर विद्यार्थी कल्याणाची खिडकी होती. तिथल्या मॅडमना तिने विचारले, "ताई, इथं केंद्रीय सभागृह किंवा नवोन्मेष मंच कुठं आहे?"

"तसलं काही नाही बाई आमच्याकडं. आमच्याकडं फक्त मोठा हॉल आहे." मॅडमनी पेनने माझ्या शेजारच्या दाराकडे दाखवले. "पण तिथं आत्ता काहीतरी महत्त्वाचं चाललंय. आत जाऊ नका हं."

लेक शहाणी होती, शिस्तीची होती. ती आत गेली नाही. बाप-लेक पुन्हा माझ्यासमोर आले आणि दाराकडे पाठ करून माझ्यावर डोळे लावून उभे राहिले. बाप एकेक कागद मोठ्याने वाचत होता. त्याच वेळी दाराआड तिचे नाव पुकारले गेले. मी भिंतीतून ऐकले. दार जाडजूड, आणि बापाचा आवाज मोठा. तिला ऐकू गेले नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडले आणि तीन प्राध्यापक बाहेर आले. त्यांतल्या एकीने तिला पाहून विचारले, "कुणाची वाट बघतेस गं?"

"मुलाखतीची, मॅडम."

"मुलाखती आत्ताच संपल्या. तू कुठं होतीस?"

"इथंच, मॅडम," ती म्हणाली.

प्राध्यापिकांनी वळून कोऱ्या दाराकडे पाहिले. म्हणाल्या, "अर्ज कर. लगेच कर. मी पण सांगते." त्या वाईट नव्हत्या. त्यांनी सांगितलेही असेल. पण निवडीची यादी पुढे गेली होती, आणि यादी एकदा पुढे गेली की ती कुणाचीच नसते.

मुलीने अर्ज केला. त्यानंतर संचालक स्वतः माझ्यासमोर आले. सोबत त्यांचा मदतनीस होता. त्याने ती मुलाखतीची सूचना सर्वांत वर आणली, सुरकुती हाताने सपाट केली आणि माझा फोटो काढला. "पुरावा पक्का आहे सर," तो म्हणाला. "सूचना लावली होती. वाचायची जबाबदारी उमेदवाराची."

दार माझ्यापासून हातभर अंतरावर. फोटोत तेवढे आले नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या अंगाची ओकारी आली. ज्या पोरीला वाट दाखवण्यासाठी मला भिंतीवर टांगले, तिच्याविरुद्ध मलाच साक्षीला उभे केले! वाळवी लागली असती तरी मला इतके वाईट वाटले नसते.

काही दिवसांनी अर्जाचे उत्तर माझ्यावरच चिकटवले गेले आणि बाप-लेक ते वाचायला आले. चावीवाल्याने चष्मा लावला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागला. "उपरोक्त विषयी प्राप्त निवेदनाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, प्रचलित कार्यपद्धतीनुसार सूचना विहित ठिकाणी प्रसृत करण्यात आलेली असल्याने, निवेदनातील मागणीबाबत पुढील कार्यवाहीचे प्रयोजन उरत नाही." वाचून झाल्यावर त्याने खुशीत मान हलवली.

"बघ, मी म्हणत नव्हतो? एवढं सविस्तर लिहिलंय म्हणजे त्यांनी नीट लक्ष घातलंय. मग पुन्हा कधी बोलावलंय तुला?"

लेक अजून कागदच वाचत होती.

"अगं, सांग ना. किल्ली मोडली तर मी कुलूप उघडतो, पण ही भाषा काही मला उघडत नाही. तारीख कुठं आहे?"

"तारीख नाही, बाबा. ते नाही म्हणतायत."

"नाही?" तो पुन्हा कागदाजवळ गेला. अगदी जवळ, त्याचा श्वास माझ्या कापडाला लागेपर्यंत. त्याचे बोट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फिरले. "पण कुठं म्हटलंय? मला तर दिसत नाही."

"सगळं मिळून तसं म्हटलंय." तिने त्याच्या दंडाला धरले. "चला बाबा. दुपारचं तरी दुकान उघडू."

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुठल्यातरी टेबलामागे बसाल आणि तुमच्या हातात पेन असेल. माझ्या अंगावरची खळ धुतली नाहीत तरी चालेल, माझी चौकट रंगवली नाहीत तरी चालेल. पण एका दाराला सगळे मिळून एकच नाव द्या, आणि ते दारावर लिहा. लिहून झाले की समोरून येणाऱ्या पहिल्या माणसाला ते वाचायला लावा. आणि कुणाच्या लेकीला नाही म्हणायचे असेल, तर 'नाही' असे लिहा. ते तिच्या बापाला तिच्या तोंडून ऐकायला लावू नका.