हिरवा गाळ

ओडेसाने बत्तीस वर्षे ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवले होते, आणि लेबल नसलेले काहीही तोंडात घालायचे नाही हा नियम ती स्वतःही पाळत आली होती. स्तनाच्या कर्करोगावर जुनी औषधे चालेनाशी झाली, तेव्हा नव्या औषधाच्या चाचणीत तिला जागा मिळाली. अर्जातल्या ‘झाडपाला, जीवनसत्त्वे, पूरक गोळ्या’ या रकान्यात तिने न अडखळता ‘नाही’ लिहिले.

दुसऱ्या डोसनंतर रक्ततपासणीत यकृताचे आकडे चौपट झाले. तिसरा डोस थांबला.

“खरं सांगा, बाई,” गोरी नर्स आवाज उतरवून म्हणाली. “तुमच्याकडच्या बऱ्याच बायका घेतात आणि लपवतात.”

“मी घेत नाही.”

नर्सने मान हलवली. तीत विश्वास नव्हता.

ओडेसाने पोटात जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाची यादी केली. दुसऱ्याच्या हातचे एकच निघाले: थोरली बहीण व्हर्नेल रोज डब्यातून आणायची ती कॉलर्डच्या हिरव्या पानांची भाजी. तिने डबा खाणे बंद केले. दोन आठवड्यांत आकडे उतरले. पण औषधही बंदच होते, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नव्हते. मग तिने त्या दिवशीच्या भाजीचा रस गाळून पांढऱ्या बशीत ठेवला. तळाशी बारीक, एकसारखा हिरवा गाळ बसला.

“व्हर्नेल, भाजीत काय काय घालतेस?”

“टर्कीची मान, व्हिनेगर, मिरची. आईचीच कृती. आज काय परीक्षा घेतेस?”

“आणि हे?”

व्हर्नेल बशीकडे पाहीना. “ग्रीन टीच्या अर्काची पूड आहे. डोळे कसले वटारतेस? चर्चमधल्या अर्लीनच्या नणंदेची गाठ त्यानेच विरघळली.”

“मला विचारलं का नाहीस?”

“तू नाही म्हणाली असतीस, डेसा!”

“म्हणूनच विचारतात.” ओडेसाने बशी खाली ठेवली. “आणखी कुणाला माहीत आहे?”

“चर्चच्या अख्ख्या महिला मंडळाला. प्रार्थना म्हणूनच डबा भरायचो आम्ही.”

दर रविवारी अकरा बायका ओडेसाचे हात हातात घेऊन ‘कसं वाटतंय, बाळा?’ असे विचारीत. ती ते प्रेम समजत होती. प्रेम असेलही, पण त्या परिणाम तपासत होत्या, आणि प्रयोग कोणावर चालला आहे हे फक्त तिलाच ठाऊक नव्हते.

“आकडे उतरलेत ना?” व्हर्नेल म्हणाली. “मग जिभेला कुलूप घाल आणि तिसरा डोस घे. जिवापेक्षा तुला ते कागद मोठे झालेत का?”

सांगितले तर चाचणीतली जागा जाणार होती. नियम स्पष्ट होता. न सांगितले तर यकृताला बाधणाऱ्या त्या पुडीचा दोष औषधाच्या नावावर चढणार होता, आणि ते औषध दुसऱ्या कुणा बाईच्या वाट्याला कदाचित कधीच येणार नव्हते. ओडेसाने फोन लावला आणि घडले ते क्रमाने सांगितले.

पलीकडे नर्सने सारे लिहून घेतले. “नाव काढावं लागेल तुमचं,” ती म्हणाली. मग, जवळजवळ मायेने, “मला वाटलंच होतं, बाई.”

“मला माहीत नव्हतं,” ओडेसा म्हणाली. बोलतानाच तिला कळले, की हे वाक्य नर्सने आजवर पुष्कळ जणींकडून ऐकले असणार.

तिने फोन बहिणीपुढे धरला. “तू सांग. किती चमचे, कधीपासून.”

व्हर्नेल मागे सरली. “मला नाही गं त्या लोकांशी असलं बोलता येत,” ती पुटपुटली, आणि पर्स उचलून दाराकडे निघाली.