अर्धा रस्ता ओळखीचा

आमची घरगाडी शहरात शिरली आणि दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली. ना पुढचा गिअर पडे, ना मागचा. धाकटी जाऊ चालवत होती. "बैल झालाय हिचा," ती म्हणाली, "आणि बैलाला निदान मागे तरी सरता येतं."

आम्ही दोघी जावा. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही आता नाहीत. गाडी आमच्या ह्यांची. आत दोन पलंग, एक शेगडी, चिमुकली न्हाणी आणि जेवायच्या टेबलापाशी डावीकडे मोठी खिडकी. उजवीकडे वरपासून खालपर्यंत कपाटं. पुढे बसलं की मला मळमळतं, म्हणून ह्यांच्या वेळेपासून माझी जागा त्या टेबलापाशी. आताही मी तिथूनच रस्ता सांगते.

त्या सांगण्यावरच सगळं अडलं होतं. मागच्या दोन गावांत मी चुकले. एकदा नदीवरच्या पुलाकडे म्हणून गाडी थेट दवाखान्याच्या आवारात उभी करायला लावली. धाकटीने ते हसत हसत तिच्या मुलाला फोनवर सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "आई, काकूंना आता आठवत नाही. आणखी एक गोंधळ झाला तर गाडी विकायची आणि दोघींनी आपापल्या मुलांकडे राहायचं." माझा मुलगा पाचव्या मजल्यावर राहतो. मला नीट ऐकू येतं, तरी माझ्याशी ओरडून बोलतो.

म्हणून या वेळी मी नीट विचार करून बोलले. "इथे एक लेथवाला आहे. गिअरच्या दांडीतलं बुश, ते पितळी कडं, झिजलं की असंच होतं. बावीस वर्षांपूर्वी त्यानंच नवं करून दिलं होतं. शाळेची लांब भिंत, मग बाहेरून चढणारा लोखंडी जिना, मग पाण्याची टाकी, मग त्याचं दुकान. मी दोन दिवस खिडकीतून तेच बघत बसले होते."

"रस्त्याचं नाव?"

"तेवढं सोडून सगळं आठवतं."

विचारत विचारत टाकीच्या रस्त्याला लागलो. डावीकडे औषधांचं दुकान आलं, मग बँक, मग गाद्यांचं दुकान. भिंत आली नाही. रस्ता संपला. वळसा घालून पुन्हा त्याच तोंडाने शिरलो. औषधं, बँक, गाद्या. मागच्या मोटारींनी हॉर्नचा कल्लोळ केला.

"ताई, शाळेची भिंत कुणी घरी नेली असेल का हो?" धाकटी म्हणाली.

मला हसू येईना. लेथवाल्याचा राखाडी एप्रन, त्याच्या एकाच हातातला मोजा, सगळं डोळ्यांपुढे स्वच्छ होतं, आणि बाहेर गाद्या. जे इतकं स्वच्छ दिसतं ते नसतंच, असं होऊ लागलं तर माणसाने विश्वास कशावर ठेवायचा? पुतण्याचं खरं असेल, असं पहिल्यांदा वाटलं.

तिसऱ्या फेरीला रस्त्याचं तोंडच बंद. पाइप टाकायला खणलं होतं. कामगाराने हात करून लांबून वळवलं आणि आम्ही दुसऱ्या टोकाने आत आलो.

आणि भिंत आली. मागोमाग जिना, टाकी. मी नाव घ्यावं आणि ते समोर यावं. पहिल्या दोन्ही फेऱ्यांत हे सगळं उजवीकडे होतं, माझ्या कपाटांच्या पाठीमागे. ह्यांच्या वेळी आम्ही या टोकाने आलो असणार. धाकटी तर चालवताना पुढच्या मोटारीच्या शेपटाखेरीज काही बघत नाही.

"म्हणजे तुम्हाला प्रत्येक गाव अर्धंच माहीत आहे," ती म्हणाली.

लेथवाला तोच होता, केस तेवढे पिकलेले. झिजलेलं बुश काढून त्याने दिव्याखाली फिरवलं. "हे माझं काम नाही, बाई. ही अशी खाच रस्त्यापलीकडचा, समोरचा लेथवाला पाडायचा. तो गेला दुकान विकून."

"पण मी इथेच बघत होते. दोन दिवस."

तो माझ्याकडे निरखून बघू लागला. "त्या खिडकीतल्या बाई तुम्ही? माझी बायको अजून चिडवते हो मला. अख्खे दोन दिवस एक बाई टक लावून बघत होती म्हणते. मला वाटलं, माझं काही चोरीबिरीत नाव आलंय."

धाकटी हसता हसता स्टुलावर बसली. मी मात्र आठवत राहिले. हे खाली उतरायचे, गाडीच्या पुढून वळायचे आणि दिसेनासे व्हायचे. दोन दिवस ज्या दुकानाकडे डोळे लावून मी ह्यांची वाट पाहिली, त्यात ह्यांनी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. मग बाकीच्या गावांतलं काय?

"नवं करून देतो," लेथवाला म्हणाला. "संध्याकाळपर्यंत थांबा."

तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. धाकटीने तो मुद्दाम माझ्याच हातात दिला.

"काकू, सापडलं का दुकान?"

"सापडलं."

"अरे वा. म्हणजे आठवत होतं तर."

इथे थांबले असते तरी चाललं असतं. धाकटी डोळ्यांनी तेच सांगत होती.

"पण ते हे नव्हतंच," मी म्हणाले. मग भिंत, कपाटं, खाच, समोरचा, सगळं सांगितलं.

"काकू, मला काही कळलं नाही."

"मलाही नाही, बाळा."

"आईला द्या."

धाकटीने फोन घेतला. "हो. पोचलो. दुकान बरोबर, माणूस चुकीचा. नाही, चुकीचा म्हणजे चांगला आहे, करतोय काम. अरे, तूच ये आणि बस त्या टेबलापाशी, मग बघू किती कळतं तुला." बराच वेळ ती नुसती हं हं करत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, "पुढच्या गावापर्यंत सूट दिलीय."

पुढचं गाव मला चांगलं ठाऊक आहे, असं मी म्हणणार होते. मग गप्प बसले.