तिसरी फुली

"पेंटर, या खेपेला नक्की मेलाय ना? का पुन्हा खरवडायला चढायचंय?"

चहावाल्याने खालून विचारले आणि टपरीभोवतीची माणसे खुसखुसली. शिडीवरच्या पेंटरने मागे वळून पाहिले नाही. त्याच्या नाकासमोर एक भला मोठा कान होता. त्यानेच कधीतरी काढलेला, रंगवलेला.

पोलीस ठाण्याची ही लांब भिंत बसस्टँडच्या बरोब्बर समोर येते. फरारी माणसांचे चेहरे तिथे ओळीने रंगवलेले आहेत, माणसाहून उंच. ती माणसे डोंगरापलीकडे कुठेतरी असतात, चेहरे मात्र इथे उन्हात उभे असतात. त्यातला कुणी मारला गेल्याची बातमी आली की पेंटरला बोलावणे येते आणि त्या चेहऱ्यावर हनुवटीपासून कपाळापर्यंत लाल फुली पडते. सगळ्यांत मोठा चेहरा त्यांच्या म्होरक्याचा. गावात त्याला कुणी नावाने ओळखत नाही. चहावाल्याने ठेवलेले 'अमरपट्टा' हेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसले आहे, कारण सरकारने त्याला याआधी दोनदा मारला होता आणि दोन्ही वेळा तो उठून बोलला होता.

"काल टीव्हीवर एक साहेब म्हणाला, विमानातून टिपला," वर्तमानपत्र उलगडत एक पेन्शनर म्हणाले. "आणि यात दुसरा साहेब म्हणतोय, घरात घुसून गोळी घातली."

"दोनदा मेला असेल. सवय आहे त्याला."

"फोटो का नाही दाखवत?"

"चेहरा ओळखू येत नाही म्हणे."

"मग ओळखला कुणी? त्याच्या आईनं?"

पुन्हा हशा. ठाण्याच्या दारात उभा असलेला हवालदारही मिशीत हसला आणि लगेच गंभीर झाला. "ए, पुरे झालं. पेंटर, आटप बाबा. दुपारी मोठे साहेब येणार, फोटोवाले येणार. फुली त्याआधी दिसली पाहिजे."

"दिसेल," पेंटर म्हणाला. त्याचे सगळे लक्ष रस्त्याच्या वळणाकडे होते. त्या वळणावरून आज त्याची बहीण येणार होती.

ती येऊ नये असे त्याला वाटत होते. ती यावी म्हणून तर तो सकाळी खोटे बोलला होता.

बहीण शिवणकाम करते. तिचा नवरा बसवर कंडक्टर होता. त्या दिवशी तिनेच त्याला सांगून ठेवले होते, उतरलास की समोरच्या दुकानातून मोरपंखी दोरा आण, रंग नीट बघून आण. त्याने नीट बघितला असणार. अमरपट्ट्याच्या माणसांनी बसस्टँडवर केलेल्या स्फोटानंतर जे घरी आणून दिले, त्यात शर्टाच्या खिशातले रीळ होते, आणि त्याचा रंग अगदी बरोबर होता. त्यानंतर तिने गल्लीचे टोक ओलांडणे सोडले. कपडे घरी येतात, शिवून घरून जातात. दोरे भाऊ आणून देतो. हिरवा, करडा, शेंदरी, काहीही. मोरपंखी तिने कधी मागवला नाही. मशीन चालवता चालवता ती गुणगुणते, तेव्हा वाटते पायाखालची पट्टीच गाते आहे:

*सुई जाते पुढं पुढं, दोरा येतो मागं मागं*
*दारातल्या वाटेला गं, कधी यायची गं जाग*

पहिल्यांदा अमरपट्टा मेला तेव्हा पेंटरने फुली ऑइलपेंटने मारली होती. पक्का, चकचकीत, जन्माचा रंग. ती बघायला बहीण आली होती. भिंतीसमोर पुष्कळ वेळ उभी राहिली, मग भाजी घेऊन घरी गेली. पुढचे काही दिवस ती रोज बाहेर पडायची, शेजारणींशी बोलायची, एकदा तर चहावाल्याशी भांडलीसुद्धा, आणि पेंटरला ते भांडण गाण्यासारखे गोड लागले होते. मग एका सकाळी रेडिओवर तोच आवाज आला. जाडा, संथ, खोकल्यासारखा हसणारा. मी जिवंत आहे, म्हणाला.

फुली पुसायचा हुकूम आला. टर्पेंटाइनने घासून घासून पेंटरचे हात सोलवटले, पण ऑइलपेंट कसला निघतोय! पत्र्याने खरवडताना चेहऱ्याचा डावा डोळाच निघून आला. नमुन्याचा फोटो कुठे गेला कुणास ठाऊक, म्हणून त्याने तो डोळा मनानेच काढला. आणि झाले काय, तर त्या क्रूर चेहऱ्याला एक डोळा मायाळू आला. "पेंटर, तुझाच डोळा दिलास की रे त्याला!" सगळे गाव हसले. बहीण हसली नाही. तिने दाराला आतून कडी घातली होती.

दुसऱ्या फुलीच्या वेळी तिने उंबऱ्यातूनच विचारले होते, "बघून येऊ?" तो म्हणाला होता, "थोडं थांब." थांबली तेच बरे झाले. आवाज पुन्हा आला. पण त्या थांबण्यानेही तिचे काहीतरी गेले. मशीन कितीतरी दिवस झाकलेले राहिले.

आणि आज सकाळी ती आपल्या घराच्या दाराशी उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. केस विंचरलेले, पायात चपला.

"दादा, खरंच?"

तिला नाही म्हटले असते तर चपला तिथेच निघाल्या असत्या. त्या पुन्हा केव्हा पायात आल्या असत्या, देव जाणे.

"हो गं," तो म्हणाला. "पक्कं. या वेळी पक्कं."

"मग येते मी. तुझी फुली झाली की."

त्याने घरी येऊन डबा काढला. लाल भुकटी पाण्यात कालवली. डिंकाची बाटली हातात घेतली आणि परत फळीवर ठेवून दिली. डिंक नसला की रंग भिंतीवर नुसता टेकून राहतो, धरत नाही. लांबून रक्तासारखा लाल दिसतो, आणि उद्या आवाज आला तर एका ओल्या फडक्यात काम होते. डोळा शाबूत राहतो. हातही.

आता शिडीवर उभा राहून तो शेवटचा पट्टा ओढत होता आणि टपरीवरच्या रेडिओकडे त्याचे कान लागले होते. गाणे थांबून बातम्यांची धून सुरू झाली की त्याचा ब्रश थांबायचा. बातम्यांत पावसाचा अंदाज आला, कसले तरी उद्घाटन आले. आवाज आला नाही. अजून आला नाही, एवढेच.

फुली पुरी झाली. ऊन चांगलेच कडक होते, रंग लगेच सुकला. आणि वळणावर ती दिसली.

भिंतीला खेटून चालत होती. नव्या गावात आल्यासारखी पावलागणिक थबकत होती. टपरीवर कुणीतरी काही बोलायला तोंड उघडले, तर चहावाल्यानेच त्याचा दंड धरला. माणसांनी आपापल्या कपात पाहिले.

पेंटर घाईघाईने खाली उतरला. "लांबूनच बघ हं, चिमे. लांबून चांगली दिसते."

"आलेच आहे तर जवळून बघू दे की."

ती भिंतीपाशी गेली. मान वर करून त्या चेहऱ्याकडे पाहिले, कडक डोळ्याकडे, मग मायाळू डोळ्याकडे. फुलीचा एक पाय खाली हनुवटीपर्यंत आला होता, तिच्या हाताशी. तिने बोट पुढे केले.

"ओली आहे!" तो ओरडला.

ओली नव्हती. बोट फुलीवरून फिरले आणि मागे भिंतीचा, हनुवटीचा रंग उघडा पडला. तिने बोट डोळ्यांसमोर धरले. त्यावर कोरडी लाल भुकटी होती, खडूसारखी. अंगठ्याने ती चोळून पाहिली. लहानपणी भावासाठी डिंक भिजवायचे काम तिचे असायचे, गुठळी राहिली की तो तिला टपली मारायचा.

"डिंक नाही घातलास," ती म्हणाली.

पेंटरने हातातला डबा खाली ठेवला.

"तुलाच खरं वाटत नाहीये."

"चिमे, खरं काय ते मला माहीत नाही गं. कुणालाच माहीत नाही. ते सांगतात, मी रंगवतो."

"मग सकाळी तसंच का नाही सांगितलंस?"

"तू आली नसतीस."

तिचा श्वास वरच्या वर चालला होता. त्याला वाटले, आता ही वळेल. वळेल, गल्लीत शिरेल, कडी वाजेल, आणि या वेळी ती कडी माझ्या हाताने लागलेली असेल. तो तिचा हात धरायला पुढे झाला, पण त्याचे दोन्ही हात रंगाने माखलेले होते.

ती वळली. आधी घराच्या रस्त्याकडे पाहिले, नंतर बसस्टँडकडे. एक बस येऊन उभी राहिली होती, माणसे उतरत होती, कंडक्टर घंटीची दोरी ओढत होता. तिने डोळे मिटून घेतले आणि घंटी थांबल्यावर उघडले.

"तो मेला असता तरी हे काय परत येणार होते," ती हळू म्हणाली. मग आवाज थोडा चढवून, घरात बोलते तशी, "आणि दोरा संपलाय माझा."

"मी आणतो. कुठला हवाय?"

"तू नको. मीच बघून घेते."

ती रस्ता ओलांडू लागली. एका रिक्षाने भोंगा वाजवला, तशी दचकून थांबली, छातीवर हात गेला, पण पाय मागे आले नाहीत. समोरच्या दुकानाची पायरी चढताना तिने क्षणभर चौकट धरली. दुकानदाराने तिला ओळखले आणि तो गल्ल्यावरून उठून उभा राहिला. मग तिच्या हाताकडे बोट दाखवून काहीतरी विचारू लागला. तिने मान हलवली. लागलेले नव्हते, रंग होता.

"पेंटर," हवालदार भिंतीशी वाकून म्हणाला, "इथं कुणाचं तरी बोट लागलंय बघ. फुली तुटली. साहेब यायच्या आत भरून टाक."

"हो," पेंटर म्हणाला. ब्रश डब्यात बुडवला, काठाला निथळवला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

टपरीवर गाणे मधेच थांबले. बातम्यांची धून सुरू झाली. कुणीतरी रेडिओ मोठा केला.

पलीकडे दुकानातून ती बाहेर येऊन उजेडात उभी होती. एका हातात रीळ उंच धरून, डोळे बारीक करून रंग पारखत होती. दुसऱ्या हाताचे लाल बोट तिने वेगळे, लांब धरले होते, दोऱ्याला डाग लागू नये म्हणून.