हात लावायची परीक्षा

"आज या छपराखाली देव आणि सैतान समोरासमोर उभे आहेत!" न्यायाधीश एलिफलेट थॉर्न गरजले.

देव बहुधा न्यायाधीशांच्या बाजूला असावा. सैतानाचा पत्ता लागेना, कारण छप्पर खानावळीचं होतं आणि सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, पिंपापाशी गर्दी फार होती. प्रार्थनामंदिर गळत होतं, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या त्या गावाने चेटकिणीचा खटला इथे आणला होता.

टॅमसिन रडवरचे आरोप गंभीर होते. ती जर्सी बेटावरून आलेली, नवरा नाही, चिलीम ओढायची, दारोदार दूध मागायची आणि नाही मिळालं की पुटपुटत जायची. पुढे केव्हातरी कुणाची तरी गाय आटायची. गाई तशाही आटतात. पण पुटपुटणारी बाई हाताशी असली, की दुसरं कारण शोधावं लागत नाही.

त्यातच होबर्टांच्या मुलीला झटके सुरू झाले. बापाने हौसेने तिचं नाव 'मौन' अशा अर्थाचं, सायलेन्स ठेवलं होतं. आता तिच्या किंकाळ्या नदीपलीकडे जात. आई बाळंतपणात गेली, तेव्हा नुकतंच स्वतःचं तान्हं पुरलेल्या टॅमसिननेच सायलेन्सला अंगावर पाजलं होतं. पुढे सावत्र आई आली आणि या दाईला दार दाखवलं गेलं.

परीक्षा सोपी होती. चेटकिणीचं विष नजरेतून बाहेर पडतं आणि तिच्या स्पर्शाने तिच्यातच परत जातं, अशी सर्वांची खात्री होती. तेव्हा बाईचे डोळे बांधून तिने पोरीला हात लावायचा. पोर शांत झाली तर फाशी, नाही झाली तर सुटका.

"लाकडासारखा लाव हात," तुरुंगाचा पहारेकरी जेबेझ टॅमसिनच्या डोळ्यांवर फडकं बांधता बांधता पुटपुटला. "टेकवलास की उचल. मग घरी जा."

"एवढं कळतं मला."

"घट्ट बांध रे, माझी गाय आटवेल!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुझी गाय तुझं तोंड बघून आटली!" दुसरा म्हणाला. न्यायाधीशसुद्धा हसले.

टॅमसिनने सायलेन्सच्या कपाळावर हात टेकवला. लाकडासारखा. पोर किंचाळतच होती. जेबेझने सुटकेचा श्वास सोडला.

"उचल," न्यायाधीश नाराजीने म्हणाले.

पण कपाळ घामाने थबथबलेलं होतं. केसांच्या जटा झाल्या होत्या. विष लागेल या भीतीने या पोरीला घरच्यांनीही किती दिवसांत हात लावला नव्हता, हे त्या जटांवरून टॅमसिनच्या बोटांना कळलं. हात उचलला गेला नाही. तो मानेवरून पाठीवर गेला आणि हळूहळू खाजवू लागला.

किंकाळी थांबली. सायलेन्सने अंग सैल सोडलं.

खानावळीत कुणी घोटही घेईना.

"देवाने निकाल दिला!" न्यायाधीश उभे राहिले. "या बाईला मरेपर्यंत फाशी!"

"अगं बये, काय केलंस हे?" जेबेझ ओरडला.

"थरथरत होती रे ती," टॅमसिन म्हणाली.

शिपायांनी तिचे दोन्ही हात मागे ओढून बांधले. सगळं गाव गुडघे टेकून देवाचे आभार मानू लागलं. त्या गलक्यात सायलेन्सने डोळे न उघडताच, झोपाळू आवाजात म्हटलं,

"थांबू नकोस ना, दाई. अजून जरा खाली."