अकरा स्वर माझे, एक त्याचा

मित्रांनो, मी ऑपेराच्या नाट्यगृहातला तालमीचा जुना पियानो आहे. आधीच सांगून टाकतो, माझं मन काही फार मोठं नाही. माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला मधूनमधून माझा राग येईल. येऊ दे. खोटं बोलायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथला म्हातारा सुतार लाकडाच्या प्रत्येक फळीवर टकटक करून कान लावून ऐकायचा आणि मगच ती घ्यायचा. माझ्या पोटात दोनशेच्या वर तारा आहेत आणि प्रत्येक तार एका लोखंडी खुंटीला गुंडाळलेली आहे. या सगळ्या खुंट्या एका जाड फळीत ठोकून बसवलेल्या आहेत. खुंटी फिरली की तार उतरते आणि तार उतरली की सूर बिघडतो, एवढं लक्षात ठेवा म्हणजे पुढचं कळेल.

मला चौघांनी मिळून दुसऱ्या मजल्यावरच्या तालमीच्या खोलीत चढवलं, तेव्हापासून मी इथेच आहे. खालच्या मोठ्या रंगमंचासमोर साठ वादकांचा ताफा बसतो. पण त्या साठ जणांना रोज कोण बोलावणार? म्हणून गायकांची तालीम माझ्यावर होते. उजव्या हाताला व्हायोलिनं, डाव्या हाताला ढोल, मध्येच बासरी, सगळं मी एकटा. गायक माझ्यापाशी रडतात, चुकतात, शिकतात, आणि तयार झाले की खाली जाऊन त्या साठ जणांच्या ताफ्याबरोबर गातात. टाळ्या त्या ताफ्याला. माझ्या झाकणावर मात्र चहाच्या कपांची वर्तुळं आणि कुणाची तरी विसरलेली छत्री. बरीच वर्षं मी हे सोसलं, पण मनात कुढत राहिलो हेही खरं.

मला वाजवायच्या त्या मावशी. सगळं नाट्यगृह त्यांना मावशीच म्हणतं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांची खरीखुरी भाची इथे गायला आली. पोरगी अशी की एकदा ऐकलेला सूर तिच्या डोक्यात कोरला जायचा. ती यायची, पिशवी टेकवायची आणि माझ्या पट्ट्यांवरून हात फिरवत म्हणायची, "काय आजोबा, बरं आहे ना?" मला आजोबा म्हणणारी ती पहिलीच. मित्रांनो, मी विरघळलो.

त्या वर्षी एक नवा ऑपेरा बसवायला घेतला. गोष्ट साधी होती: एक घड्याळं दुरुस्त करणारी बाई सगळ्या गावाची घड्याळं लावून देते आणि तिच्यासाठी मात्र कुणाकडे वेळ नसतो. पण संगीत? अबब! माझ्याकडे बघा. सात पांढऱ्या पट्ट्या आणि पाच काळ्या, मिळून बारा. मग पुन्हा तेच बारा. या ऑपेरात नियम असा होता की बाराही स्वर एका ठरलेल्या ओळीत यायचे, आणि सगळे येऊन गेल्याशिवाय एकालाही दुसऱ्यांदा पाळी नाही. सगळा ऑपेरा त्या एका ओळीतून काढलेला. कधी ती शेवटाकडून सुरुवातीकडे जायची. कधी जिथे वर चढायचं तिथे खाली उतरायची. कधी तिचे तुकडे करून ढोलांना, वीणेसारख्या उभ्या हार्पला आणि व्हायोलिनांना वाटून दिलेले असायचे. ऐकणाऱ्याला वाटावं की मांजर माझ्यावरून पळालं, पण हिशोब पक्का होता.

प्रत्येक पात्राला आपलं आपलं वाद्य दिलेलं होतं. बापाला चेलो, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ, डॉक्टरला तुतारी. घड्याळवाल्या बाईला, म्हणजे आमच्या भाचीला, सॅक्सोफोन. आणि पियानोला? एक स्वर नाही. सगळ्या वह्या उलटून पाहिल्या मावशींनी. "बघा, तुम्हाला सुट्टी," त्या मला म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटचं गाणं तर माझ्या जिव्हारीच लागलं. त्यात सगळी वाद्यं गप्प होतात. भाची एकटी बारा स्वरांची ओळ गाते, सॅक्सोफोन तिच्या आवाजाखाली हलकेच तेच स्वर धरतो. मग ती थांबते आणि तिच्या शेवटच्या स्वरावरून तो तीच ओळ उलटी वाजवत निघतो, तिला घरी सोडायला निघाल्यासारखा. हे गाणं तिला शिकवलं कुणी? मी. दोन महिने, रोज सकाळी. आणि घरी सोडणार तो पितळी चकचकीत! त्याला वाजवणारे दादा चांगले धिप्पाड, हसतमुख. मला तेही आवडत नव्हते.

आता माझी चूक सांगतो. तालमी सुरू होण्याआधी सूर लावणारे काका येऊन गेले होते. माझ्या खुंट्यांच्या फळीला एक बारीक चीर गेली होती, नेमकी मधल्या एका काळ्या पट्टीच्या तीन खुंट्यांपाशी. "लावून दिलाय, पण हा सूर टिकणार नाही. महिन्याभरात मला परत बोलवा," ते मावशींना म्हणाले. मावशी हो म्हणाल्या आणि कामाच्या रगाड्यात विसरल्या. ती पट्टी रोज थोडी थोडी उतरत गेली. शेवटी ती शेजारच्या पांढऱ्या पट्टीसारखीच वाजायला लागली.

साधं गाणं असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी माझे कान धरले असते. पण या ऑपेरात सगळेच स्वर कानाला नवे! भाची एकदा म्हणालीसुद्धा, "मावशी, हा सातवा जरा विचित्र लागतो ना गं?"

"इथे विचित्र काय नाही ते सांग," मावशी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

झालं. चुकीचा सातवा स्वर तिच्या डोक्यात कोरला गेला. बाकीच्या गायकांच्या आवाजाखाली वाद्यांची गर्दी होती, त्यात त्यांचं खपून गेलं. तिचं ते गाणं मात्र उघडं होतं.

ताफ्याबरोबरच्या पहिल्या तालमीला ती सोमवारी खाली गेली. माझ्या खोलीत भिंतीवर एक लहान कर्णा आहे, गायकांना रंगमंचावर बोलवायला, त्यातून मला खालचं सगळं ऐकू येतं. सातव्या स्वरावर तिचा आवाज आणि सॅक्सोफोन एकमेकांवर घासले. पुन्हा केलं, पुन्हा घासले. ताफ्याचे संचालक कडक माणूस. ते म्हणाले, "बाई, तुम्ही अकराच स्वर गाताय. तिसरा तुम्ही सातव्या जागी परत गाताय. या ऑपेरात नेमकं तेच चालत नाही."

"मी शिकले तसंच गातेय, साहेब."

"मग नीट शिकला नाहीत. गुरुवारी पुन्हा ऐकतो. जमलं नाही तर दुसरी गायिका तयार आहे."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "मावशीचा वशिला, दुसरं काय." तेही त्या कर्ण्यातून आलं.

मंगळवारी ती सकाळी सातलाच आली, डोळे सुजलेले. माझ्याजवळ बसून तिने एकेक पट्टी दाबत ओळ म्हटली. शंभर वेळा म्हटली. बुधवारीही तेच. जितकी जास्त घोटत होती तितकी चूक पक्की होत होती. आणि मी? मित्रांनो, मला माहीत होतं. माझ्या पोटातली फळी मला माहीत नसेल तर कुणाला? तरी मी आतून सुखावलो होतो. सॅक्सोफोनशी तिचं जमलं नाही, ती माझ्याकडे परत आली, यातच मला सगळं मिळालं होतं. ती बुडत होती आणि मी म्हणत होतो, राहा गं, इथेच राहा.

बुधवारी दुपारी दार वाजलं. सॅक्सोफोनवाले दादा, गळ्यात तो चकचकीत. "चुकतंय कुणाचं ते शांतपणे बघू या का? माझंही चुकत असेल," ते म्हणाले. जळफळाट झाला माझा. त्यांनी सातवा स्वर वाजवला. तिने माझी काळी पट्टी दाबली. दादांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी स्वतः ती पट्टी दाबली, मग शेजारची पांढरी, मग पुन्हा काळी.

"अगं, या दोन्ही सारख्याच वाजतायत! हा वाजतो तसंच तू गात होतीस. हाच चुकीचं सांगत होता."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या पट्ट्यांवरचा हात तेवढा काढून घेतला. कोपऱ्यात वह्या आवरणाऱ्या मावशी पुढे आल्या, त्यांनीही दोन्ही पट्ट्या दाबून पाहिल्या. "मी रोज वाजवतेय, आणि माझ्या कानाला कळू नये? काकांनी बजावलं होतं गं मला," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

माझं झाकण बंद झालं, किल्ली मावशींनी पर्समध्ये टाकली. जिन्यात उभं राहून दादांनी तिच्याकडून तो एक स्वर घोटून घेतला, ताकदीने नाही, समजुतीने. "घाई नको. आधी ऐक, मग म्हण." भिंतीपलीकडून मी सगळं ऐकत होतो. माझे अकरा स्वर तिच्या गळ्यात पक्के होते. उरलेला एक मी बिघडवला होता आणि तो दुरुस्त करत होता. कुणाचं चांगलं होत असताना इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

गुरुवारी ती पास झाली. संचालक एवढंच म्हणाले, "हं. आता बारा झाले." पहिल्या प्रयोगाला मी कर्ण्यातून ते शेवटचं गाणं ऐकलं. ती थांबली, सॅक्सोफोन उलटा निघाला, आणि त्याचा शेवटचा स्वर विरल्यावर टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेचनात. खरं सांगू? सुंदर झालं होतं. हे कबूल करताना अजून माझे दात शिवशिवतात.

मला भंगारात काढायचं ठरत होतं. दादांनीच भांडून ते थांबवलं. "बारापैकी अकरा त्यानेच शिकवलेत," ते कार्यालयात म्हणाले. सूर लावणारे काका आले, चिरलेली फळी बदलली, नव्या जाड खुंट्या ठोकल्या. ज्याच्यावर मी जळत होतो त्याच्यामुळेच मी आज उभा आहे. धड रागही करता येत नाही त्याचा.

भाची अजून येते. नवा ऑपेरा सुरू आहे, नवं गाणं आहे. पण बसल्याबरोबर ती पिशवीतून एक लहानसं यंत्र काढते. त्यात एक काटा असतो, सूर बरोबर असला की तो मधोमध उभा राहतो. दादांनीच दिलंय ते. ती माझी एकेक पट्टी दाबते आणि काट्याकडे बघते, सगळ्या पट्ट्या, रोज. हल्ली मला आजोबाही म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी, लाडकी वस्तू असेल तर तिचं कौतुक करा, पण तिला वरचेवर तपासतही जा. कौतुकात राहिलं की तपासायचं राहून जातं, तसं माझं झालं. आणि कुणी आपल्यापासून दुसऱ्याकडे जातंय म्हणून पोटात दुखलं, तर दुखू द्या, फक्त त्या दुखण्यापायी त्याला चुकीचं शिकवू नका. काटा रोज मधोमध उभा राहतो, माझ्यात आता काही खोट नाही. तरी तिचं बोट पट्टीवर येतं तेव्हा डोळे काट्यावर असतात. बरोबरच करते ती.