साहेबांच्या घरातला वास

मंगळवारी सकाळी घरात पहिल्यांदा वास आला आणि साहेबांनी त्याची ताबडतोब दखल घेतली. म्हणजे बायकोला हाक मारली.

"अगं, काय सडवून ठेवलंयस स्वयंपाकघरात?"

साहेब सांडपाणी खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. एकतीस वर्षं गटारांच्या फायलींवर सह्या केल्यामुळे या विषयात आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असा त्यांचा समज होता. आयुष्यात त्यांनी एकही नळ आवळला नव्हता, ही गोष्ट वेगळी. घरातले नळ काकू आवळत. काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी बिल्डिंग त्यांना याच नावाने ओळखायची.

काकूंनी सिंकवर वाकून वास घेतला. मग पॅसेजमध्ये जाऊन घेतला.

"अहो, वास इथे नाहीये. तिकडे बाथरूमच्या बाजूला जास्त येतोय."

"तुझं नाक बारा महिने चोंदलेलं. तेलकट भांडी धुतेस, ते तेल पाइपात जाऊन बसतं. सिंकच आहे."

निकाल लागला. चौकशी मागाहून होणार होती.

घाई अशासाठी, की रविवारी वन्सं राहायला येणार होत्या. साहेबांच्या या थोरल्या बहिणीचं नाक अख्ख्या कुटुंबाला ठाऊक होतं. मागच्या खेपेला त्यांनी हातातली बॅग खाली ठेवायच्या आधीच फ्रिजमधलं दूध परवाचं आहे, हे ओळखलं होतं. बंद फ्रिजमधलं.

बुधवारी साहेबांनी मोबाइलवर बघून सिंकमध्ये खायचा सोडा ओतला आणि त्यावर व्हिनेगर. फसफसून पांढरा फेस वर आला. साहेबांची छाती त्याहून जास्त वर आली.

"बघितलंस? याला म्हणतात शास्त्र!"

फेस बसला, शास्त्र संपलं. वास होता तिथेच होता, आता त्यात आंबटपणाची भर पडली. काकूंना मात्र केक करायला आणलेला सोडा संपल्याचं कळलं.

गुरुवारी उकळतं पाणी झालं. तीन पातेली. ती गॅसवरून उचलून आणायचं काम अर्थातच खात्याने काकूंकडे सोपवलं होतं. साहेब बाजूला उभे राहून "हळू, हळू" म्हणत होते.

शुक्रवारी साहेब स्वतः सिंकखाली शिरले.

"अहो, पाइप खोलायच्या आधी खाली बादली ठेवा," काकू म्हणाल्या.

"आता तू मला शिकवणार?"

काकू बाजूला झाल्या. पुढच्याच क्षणी पाइप सुटला आणि आठवड्याभराचा सगळा काळा राडा, त्यात कालचा चहाचा चोथासुद्धा, साहेबांच्या मांडीवर आला. काकूंनी तोंडाला पदर लावला. वासामुळे लावला, असं त्यांनी नंतर सांगितलं. साहेबांनी पाइप पुन्हा बसवला तेव्हा एक रबराची चकती हातात उरली. "जास्तीची दिली असेल," म्हणून त्यांनी ती खिशात टाकली. संध्याकाळपर्यंत सिंकखालचं कपाट ठिबकायला लागलं होतं आणि वास जसाच्या तसा होता.

शनिवारी सकाळी काकूंनी कुणालाही न विचारता प्लंबरला फोन केला. आली ती एक चाळिशीची, आडव्या बांध्याची बाई, खांद्याला हत्यारांची पिशवी. तिला बघून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मी स्वतः सांडपाणी खात्यात होतो," त्यांनी सांगून टाकलं.

"हो का? मग चकती कुठेय?" सिंकखालून तिने विचारलं.

साहेबांनी खिशात हात घातला.

दहा मिनिटांत सिंक कोरडं झालं. प्लंबरबाई हात पुसत उठल्या आणि दोनदा नाकाने हवा ओढली. "काकू, सिंक स्वच्छ आहे हो तुमचं. वास इथला नाहीच."

चार दिवस काकू हेच ऐकायची वाट बघत होत्या, फक्त दुसऱ्या कुणाकडून. त्यांनी साहेबांकडे बघितलंही नाही. सरळ मागच्या बाथरूमचं दार उघडलं.

तिथे टब होता. साहेबांना बढती मिळाली तेव्हा त्यांनी हौसेने बसवून घेतलेला. दोनदा त्यात आंघोळ केली, तिसऱ्यांदा उठता उठता पाठीत उसण भरली, आणि गेल्या वर्षी निवृत्त झाल्यापासून टबात त्यांच्या जुन्या अहवालांचे गठ्ठे नांदत होते. कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. प्लंबरबाईंनी चार गठ्ठे उचलले तसा खालच्या भोकातून असा भपकारा आला की साहेब दोन पावलं मागे सरले.

"वाकड्या पाइपात पाणी साठून राहतं ना, त्यानेच खालचा वास अडतो," बाई म्हणाल्या. "इथे वर्षभर थेंब गेला नाही. पाणी आटलं, वाट मोकळी झाली." त्यांनी बाकीचे गठ्ठे बाहेर काढले, जाळीतला केसांचा जुना गुंता तारेने ओढून काढला आणि दोन तांबे पाणी ओतलं. बस्स. खिडकी उघडली, अर्ध्या तासात घर माणसात आलं.

"सोडा लागत नाही यात?" काकूंनी अगदी भोळेपणाने विचारलं.

"कशाला? नुसतं पाणी. आठवड्यातून एकदा तरी वापरत जा टब."

साहेब म्हणाले, "मला तीच शंका होती."

रविवारी वन्सं आल्या, दारात थांबल्या, नाक फुगवलं. काहीच सापडलं नाही, तेव्हा जरा हिरमुसल्या. साहेबांनी त्यांना टबाची सगळी हकिकत सांगितली. त्यात प्लंबरबाई नव्हत्या, काकूही नव्हत्या.

काकूंना वाद घालायला वेळ नव्हता. अहवालांचे गठ्ठे त्यांनी साहेबांच्या पलंगाखाली सरकवले, टब कोमट पाण्याने भरला आणि आतून कडी लावली.

पाऊण तासाने दारावर टकटक झाली. "अगं, ताईला चहा हवाय! अजून किती वेळ?"

"पाइपात पाणी भरतेय," आतून काकू म्हणाल्या आणि पाय आणखी लांब केले.